मिठाच्या लढाईतली बाई

मागच्या वर्षी सुगी आटोपल्यावर एक तरुण मुलगी रामनगरला माझ्या घरी आली. जुने चित्रपट जतन करणाऱ्या एका संस्थेत ती काम करते. तिच्याजवळ एका पत्र्याच्या डब्याचे छायाचित्र होते. डब्यावर पांढऱ्या तेलरंगाने आमच्या जुन्या गावाचे नाव लिहिलेले होते. अक्षर माझ्या वडिलांचे. ते गाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथून उठलेली माणसे रामनगरात आहेत, एवढे कळल्यावर ती घरोघर विचारत माझ्यापर्यंत पोचली होती.

तिने सांगितले ते थोडक्यात असे. सुमारे शंभर वर्षांपूर्वी परदेशात निघालेला तो एक मूकपट आहे. युद्धाच्या काळातली प्रेमकथा. ज्या देशात तो तयार झाला तिथेही त्याची प्रत उरलेली नाही, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांतले बहुधा कोणी हयात नाही. एकुलती एक प्रत भंगाराच्या एका दुकानातून त्यांच्या हाती लागली. मात्र त्या प्रतीत प्रेमकथाच नव्हती. घोडे होते, तोफा होत्या, कोसळणारा पूल होता. नायिकेचा एकही प्रसंग नव्हता.

"आजोबा, तुम्ही हा चित्रपट पाहिला आहे का?" तिने विचारले. "यात बाई होती का?"

मी म्हणालो, "आठवत नाही."

ते खरे नव्हते. तो चित्रपट मी दोनशेहून अधिक वेळा माझ्या हाताने चालवला आहे. त्यातली बाई मीच कापून काढली आहे.

तिने फोनवर शेवटचे दृश्य दाखवले. एक हात गमावलेला शिपाई चढण चढून एका पिठाच्या गिरणीपाशी येतो, बंद दारासमोर उभा राहतो. तिथे चित्र संपते. निघताना ती पायरीवर थांबली आणि म्हणाली, "हा माणूस कुणाच्या दाराशी आलाय, तेवढे कळले असते तरी खूप होते." मी चहा घेऊन जा म्हणालो. तिने घेतला आणि ती गेली.

आठ दिवसांनी मी तिला फोन केला. त्या आठ दिवसांत काय झाले, असे विचारले तर सांगण्यासारखे काही नाही. रोज सकाळी माझी लोखंडी ट्रंक उघडली आणि बंद केली.

आमचे मूळ खानापूरकडचे. जुन्या गावात वडिलांचे किराणा-कापडाचे दुकान होते. मी विशी ओलांडली त्या सुमारास त्यांनी बेळगावच्या एका सिनेमाच्या तंबूवाल्याकडून जुने प्रोजेक्टर आणि तीन मूकपट विकत घेतले. बोलपट येऊन तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. शहरात मूकपट कोणी फुकटही पाहिला नसता. पण जोयड्याच्या रानात लाकूडतोडीचे तळ होते, तिथे वीज नव्हती, आणि बोलपटाचे तंबू इतक्या आत येत नसत. जीपच्या इंजिनावर डायनामो लावून आम्ही दिवेलागणीला खेळ करत असू. मशीन माझ्याकडे होते. बोलण्याचे काम वडिलांकडे.

मूकपटात मधूनमधून लिहिलेली वाक्ये येतात. ती परदेशी भाषेत होती. आमच्या प्रेक्षकांत कोणी मराठी बोलत असे, कोणी कन्नड, कोणी कोकणी, आणि वाचणारे थोडे. वाक्य पडद्यावर आले की माणसे तंबाखू मळायला लागत. वडिलांनी पहिल्याच महिन्यात ती सगळी वाक्ये कापायला लावली. गुंद गावच्या शेतकऱ्यांनी ते तुकडे मागून नेले आणि भाताच्या खाचरांत काठ्यांना बांधले. वाऱ्याने ते चमकत, म्हणून पोपट उतरत नसत. त्यानंतर चित्रपटाचा अर्थ वडील सांगतील तोच राहिला.

त्यांनी तो आपल्या परीने सांगितला. पडद्यावर सगळीकडे बर्फ होते. बर्फ त्यांनी पाहिलेले नव्हते, मीही नव्हते. पहिल्या खेळाला तळावरच्या एका म्हाताऱ्याने विचारले की हे पांढरे काय. वडिलांनी समुद्रकाठची मिठागरे पाहिलेली होती. ते क्षणभरही अडखळले नाहीत. मीठ, म्हणाले. हे मिठाचे डोंगर, आणि दोन राजांची लढाई यांच्यासाठीच चालली आहे. म्हातारा समाधानाने खाली बसला. घाटाखालून डोक्यावर मीठ वाहून आणलेली माणसे होती ती. मिठासाठी लढाई होते हे त्यांना पटवून द्यावे लागले नाही. चित्रपटाचे खरे नाव आम्हाला कधी कळले नाही. साऱ्या तालुक्यात तो 'मिठाची लढाई' म्हणूनच ओळखला गेला.

कथा साधी होती. गिरणीवाल्याची मुलगी शत्रूच्या एका जखमी शिपायाला पिठाच्या पोत्यांमागे लपवते. दोघांचे मन जुळते. तो बरा होतो, आपल्या फौजेत परत जातो, पूल कोसळतो तेव्हा सापडतो, हात गमावतो. लढाई संपल्यावर गिरणीकडे येतो. वडील शिपायाचे बोलणे उत्तम करत, सेनापतीचे त्याहून उत्तम. पण ते मुलीचा आवाज काढू लागले की तळावर हशा पिके. एकदा कोणीतरी मागून सांगितले, "मावशी, दाढी करून या." त्या दिवशी वडील जेवले नाहीत.

पुढच्या खेळापासून मुलीचे बोलणे माझ्या थोरल्या बहिणीकडे आले. मी तिला आक्का म्हणतो. तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. घरातल्या मुलीने चारचौघांत उभे राहून बोलावे हे वडिलांना मान्य नव्हते. म्हणून तिला पडद्याच्या मागे बसवले. एक रॉकेलचा रिकामा डबा, त्यावर घडी घातलेले पोते, त्यावर ती. तिथून तिला चित्र डावे-उजवे उलटे दिसे, पण दिसे. आवाज पडद्यातून पुढे येई. गिरणीवाल्याची मुलगी बोलू लागली की तळावरची माणसे खोकणेही थांबवत. मी स्वतः चित्राकडे फारसे पाहत नसे. ऑपरेटरचे लक्ष दिव्यावर आणि फिल्मच्या वळणावर असते. हँडल किती वेगाने फिरवायचे हे मी आक्काच्या बोलण्यावरून ठरवत असे.

पडद्याच्या मागच्या बाजूला तिकीट नव्हते. उलटे चित्र पाहण्याचे पैसे कोण देणार, असे वडील म्हणत. तिथे ज्यांच्याजवळ काही नसे अशी माणसे बसत. त्यांत ओंडके ओढणारे रेडे राखणारा कुंभारवाडा गावाकडचा एक कुणबी तरुण होता. तो एकही खेळ चुकवत नसे. आम्ही तळ बदलला तर चालत तिथे येई. वडील त्याला चित्रपटाचा शौकीन समजत. पुढे येऊन बस, तिकीट नको, असेही त्यांनी एकदा त्याला सांगितले. तो नको म्हणाला.

त्या उन्हाळ्यात आक्का त्याच्याबरोबर गेली. त्याच्या वाडीवरच्या देवळात लग्न झाले. वडिलांनी आरडाओरडा केला नाही. दुकानाच्या फळ्या लावल्या, मला समोर बसवले आणि सांगितले की आपल्या घरात मुलगी नव्हती. मग म्हणाले, सिनेमातही नको. काप आणि जाळून टाक.

मी कापले. दोन दिवस लागले. जिथे जिथे गिरणीवाल्याच्या मुलीचा चेहरा होता तिथे कात्री लावली आणि उरलेली टोके जोडून घेतली. शेवटी शिपाई दाराशी येतो, मुलगी दार उघडते. दार उघडण्यापूर्वी कात्री लावली. जाळले मात्र नाही. जुनी फिल्म जाळली तर भडका उडतो, आणि दुकानामागे गवताची गंजी होती. म्हणून जाळले नाही असे मी स्वतःला सांगितले. महिन्याभरात गंजी संपली. डबा ट्रंकेतच राहिला.

पावसाळा सरल्यावर कुंभारवाड्याजवळ आमचा खेळ होता. अंधार पडण्यापूर्वी आक्का नवऱ्याबरोबर आली. जीपपाशी मी एकटा होतो. तिने केळीच्या पानात बांधलेली उकडलेल्या कंदांची पुडी जीपच्या टपावर ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि पडद्यामागे जाऊन बसली. जागा तीच. मी तिला थांबवू शकलो असतो. आज हे चित्र पाहू नकोस, एवढेच सांगायचे होते. मी मशीन लावले.

गिरणी आली. पोती आली. शिपाई पोत्यांमागे पडला, आणि पुढच्याच दृश्यात बरा होऊन घोड्यावर बसला. वडिलांनी मध्ये दोन वाक्ये टाकून ते सांधले. पडद्यामागचा एक कंदील उचलला गेला आणि रानाच्या वाटेने दूर जाताना मला दिसला. चित्रपट अजून अर्धा राहिला होता. ती पुडी मी उघडली नाही.

त्यानंतरचे थोडक्यात सांगतो. बाईविना मिठाची लढाई कोणी दोनदा पाहिली नाही. वर्षभरात वडिलांनी मशीन आणि रिळे विकली. पुढच्या वर्षी ते वारले. मी आक्काला निरोप पाठवला नाही. तिला बाजारात कळले. मी तालुका कचेरीत कारकून म्हणून लागलो. कचेरी धरणापायी जोयड्याला आली, तिच्याबरोबर मीही. रामनगरला घर बांधले. स्थलांतराच्या दिवशी ट्रकमध्ये मी डबा मांडीवर घेऊन बसलो होतो. पत्नीने विचारले, महत्त्वाचे कागद आहेत का? मी हो म्हणालो. दरवर्षी दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, मी ते तुकडे मलमलीच्या कापडाने पुसून सावलीत उलगडत असे आणि पुन्हा गुंडाळून ठेवत असे. पत्नीने त्याविषयी दुसऱ्यांदा विचारले नाही.

आक्काच्या घरचा जमिनीचा अर्ज तीन वेळा माझ्या टेबलावर आला. अर्जाखाली तिची सही होती. सही वळणदार होती. ते वळण तिला मी तिसरीच्या पाटीवर गिरवताना पाहिले होते. तिन्ही वेळा तो अर्ज त्याच दिवशी पुढे गेला. त्या घरासाठी मी केलेले काम एवढेच.

संस्थेतली मुलगी पुन्हा आली तेव्हा मी ट्रंकेतला डबा तिच्यासमोर ठेवला. तिने हातमोजे घातले, ओसरीवर उजेडात बसली आणि झाकण काढले. एक तृतीयांश तुकड्यांचा तपकिरी भुगा झाला होता. बाकीचे शाबूत होते. ती म्हणाली, या हवेत हे टिकायला नको होते. याला कोणीतरी दरवर्षी बाहेर काढले आहे.

"ऑपरेटरने," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे पाहिले. मी त्या दिवशी तिला सगळे सांगितले.

अडचण वेगळीच निघाली. तुकडे चाळिसाहून जास्त होते. कोणता कुठे बसतो याची खूण मी केलेली नव्हती. जाळायचे म्हणून सांगितलेल्या वस्तूवर कोण खुणा करतो? टोके इतक्या वेळा जोडलेली होती की एकमेकांना जुळत नव्हती. चित्रातली मुलगी दार कधी उघडते ते मला ठाऊक होते. ती हसते ते त्याच्या जाण्यापूर्वी की नंतर, रडते ते बातमी आल्यावर की पूल कोसळण्याच्या आधी, हे मला सांगता येईना. मी ते ऐकले होते, पाहिले नव्हते. क्रम तिच्या बोलण्यात होता. बोलणे आक्कालाच ठाऊक होते.

संस्थेतली मुलगी म्हणाली, मी जाऊन त्यांना भेटू का? मी नको म्हणालो.

रामनगरहून जोयड्याला सकाळची बस आहे. तिथून कुंभारवाड्यापर्यंत जीप मिळाली. पुढे पायी. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी ती वाट दोन ठिकाणी बसून पार करावी लागली. घर मला कोणाला विचारावे लागले नाही. अर्जात चतुःसीमा लिहिलेल्या होत्या: पूर्वेस ओढा, उत्तरेस फणस.

आक्का अंगणात बसून कंदांची माती घासत होती. केस पूर्ण पांढरे, पाठ वाकलेली, हात मात्र भराभर चालत होते. तिने मान वर केली, मला ओळखले आणि पुन्हा कामाला लागली.

"कचेरीला सुट्टी हाय जणू आज," ती म्हणाली.

मी निवृत्त होऊन चोवीस वर्षे झाल्याचे सांगितले.

"व्हय? मग कागद न्हाईत संगट. मग कशाला आलास?"

ओसरीवर माझे मेहुणे, तिचे यजमान, बांबूच्या कामट्यांची टोपली विणत बसले होते. त्यांना ऐकू कमी येते. त्यांनी डोळ्यांवर हात धरून मला न्याहाळले आणि म्हणाले, "पावणं आलं व्हय? रामनगराहून यायला साठ वर्सं? बस लई जागी थांबली जणू."

आक्का हसली नाही. मी सांगायला आलो ते सांगितले. चित्रपट सापडला आहे, लोकांना तो पुन्हा दाखवायचा आहे, बाईचे प्रसंग लावायचे तर क्रम तूच सांगू शकतेस. तिने हातातला कंद टोपलीत टाकला.

"बाई कुठाय त्यात? बाई न्हाई त्यात. मी बघून आले की."

"मी कापली होती."

"म्हाईत हाय. काप म्हणाले आन् कापलंस."

"होय."

"जाळ बी म्हणाले असतील."

"म्हणाले."

"मग?"

"जाळलं न्हाई. डब्यात हाय. माझ्याकडंच होतं."

तिचे हात थांबले. अंगणात कोंबड्या फिरत होत्या त्यांच्याकडे ती पाहत राहिली. मग तिने मला विचारले, "त्या दिवशीचं कंद खाल्लंस का?"

मी न्हाई म्हणालो.

ती गुडघ्यावर हात रेटून उठली आणि आत गेली. मी उभाच होतो. मेहुण्यांनी खुणेने बसायला सांगितले. ती पानात उकडलेले कंद आणि वर मीठ-मिरची घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवले.

"खा आधी," ती म्हणाली. "मग बगू."

मी खाल्ले. ती समोर बसून पाहत होती, शेवटचा तुकडा संपेपर्यंत. मग तिने तिची अट सांगितली. क्रम सांगते. बोलायला लागलं तर बोलते बी. पडद्यामागं बसणार न्हाई. मी म्हणालो, तुला मागे बसायला सांगणारे कोणी उरलेले नाही. ती म्हणाली, तू हाईस की.

फणसांना कोवळ्या कुयऱ्या धरल्या त्या सुमारास संस्थेतली मुलगी ते तुकडे संगणकावर घेऊन वाडीवर आली. आक्का ओसरीच्या खांबाला टेकून बसली. मुलगी एकेक तुकडा दाखवी. हलते चित्र चार-सहा क्षणांचे. आक्का आधी वाक्य म्हणे, मग जागा सांगे. गिरणीवाल्याची मुलगी पोते ओढते आहे: "हालू नकोस. पीठ उडलं तर शिंकशील आन् दोगं बी मरू." हे पहिल्या रिळात. मुलगी खिडकीशी उभी आहे: "जा. माघारी बगू नकोस. मी बी बगत न्हाई." हे म्हणतानाच ती बगती, आक्काने सांगितले, म्हणून तो तुकडा आधी आणि मान वळवल्याचा नंतर. रडण्याचा तुकडा पूल कोसळण्याच्या आधी निघाला. तिला आदीच कळलेलं असतंय, असे आक्का म्हणाली. संस्थेतल्या मुलीने त्या प्रसंगाची जागा कागदावर तीन वेळा बदलली होती. तिने कागद बाजूला ठेवला आणि आक्का सांगेल तसे लिहीत गेली.

एकदा तिने हळूच सांगितले की आजी, ते मीठ नाही, बर्फ आहे.

"कुनी सांगितलं तुला?" आक्का म्हणाली.

मुलगी म्हणाली, पुस्तकात आहे.

"पुस्तकं लिवनारा तिथं मीठ चाटून बगाया गेला हुता व्हय?"

मग दोघी हसल्या. आक्का पुढे म्हणाली की बर्फ आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, शाळेच्या पुस्तकात चित्र होते. पण म्हाताऱ्यांचे समाधान मोडायचे कशाला?

एकाच गोष्टीवर वाद झाला. मेहुणे म्हणाले, शिपायाचा उजवा हात तुटलेला असतो. मी म्हणालो, डावा. त्यांनी मला बजावले की त्यांनी तो चित्रपट सत्तावन्न वेळा पाहिला आहे. मी म्हणालो, मी दोनशे वेळा. ते म्हणाले, तुम्ही मशीन बगत हुता, मी सिनेमा बगत हुतो. आक्का त्यांना म्हणाली, तुम्ही बी सिनेमा न्हाई बगत हुता. त्यांना ते ऐकू गेले नसावे, किंवा गेले असावे.

पाऊस सुरू होण्यापूर्वी खेळ ठरला. वाडीच्या शाळेत, रविवारी दुपारी. खिडक्यांना कांबळी लावून खोली काळोखी केली. दोन पांढऱ्या चादरी जोडून पडदा केला आणि खोलीच्या मधोमध दोरीवर बांधला. भिंत ओल धरलेली होती. प्रोजेक्टर एवढासा होता, हँडल नव्हते. मला करण्यासारखे काही नव्हते. आक्का पडद्याच्या पुढे, डाव्या बाजूला खुर्चीवर बसली. ती नवे लुगडे नेसली होती. वाडीवरची साठ-सत्तर माणसे दाटीने बसली होती.

तिने मला हाक मारली. "गड्याचं कोन बोलनार?"

वडिलांचे बोलणे मला पाठ होते, पण मी ते कधी मोठ्याने म्हटलेले नव्हते. चारचौघांत मी बोलत नाही. कचेरीत निरोपाच्या समारंभातही नुसता नमस्कार करून बसलो होतो.

"उभा ऱ्हा हितं," आक्का म्हणाली.

मी पडद्याच्या उजव्या बाजूला उभा राहिलो. चित्र सुरू झाले आणि मी सांगितले की हे मिठाचे डोंगर आणि यांच्यासाठी दोन राजांची लढाई चालली आहे. पहिली चार वाक्ये मी फार भराभर म्हटली. पुढे जमले. गिरणी आली, पोती आली, शिपाई त्यांच्यामागे पडला. माझे बोलणे संपले. पडद्यावर मुलीचा चेहरा आला, पिठाने माखलेला, आणि आक्का बोलली.

आवाज म्हातारा होता. वेग तोच होता. माझा उजवा हात आपोआप फिरू लागला होता हे मला पुढच्या रांगेतल्या बायका पाहून हसल्या तेव्हा कळले.

शेवट आला. शिपाई चढण चढून आला आणि दारासमोर थांबला. मी सांगितले की शिपाई दाराशी उभा राहिला. वडील इथे थांबत, म्हणून मीही थांबलो. दार उघडण्याची सुरुवात भुग्यात गेली होती. त्यामुळे दार बंद दिसले आणि लगेच सताड उघडे दिसले. त्यात ती उभी होती. तिने त्याच्या रिकाम्या बाहीकडे पाहिले नाही.

"पाय धू आन् आत ये," आक्का म्हणाली. "भाकरी गरम हाय."

मग कांबळी काढण्याची घाई सुरू झाली, आणि त्या गलबल्यात मेहुण्यांचा आवाज मोठ्याने आला. चित्र चुकले आहे, असे ते म्हणत होते. हात डावा तुटला आहे. संस्थेतली मुलगी काळजीने पुढे आली. ती संगणक तपासू लागली.

"चुकलं न्हाई ते," आक्का तिला म्हणाली. "जन्मात पयल्यांदा सरळ बाजूनं बगितलंय ह्यांनी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तम्मा, शेवटचं परत लावाया सांग. ह्यांना मागं बसव. तू बी बस. तू तरी कुठं बगितलाईस."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. आमच्याकडे कानडीतून आलेला शब्द आहे. तो मी बऱ्याच वर्षांनी ऐकला.

कांबळी पुन्हा लावली. मी मेहुण्यांना हाताला धरून पडद्यामागे नेले. तिथे भिंतीशी शाळेच्या पोषण आहाराचा तेलाचा एक रिकामा डबा होता, त्यावर त्यांना बसवले आणि मी जमिनीवर बसलो. गड्याचे बोलणे या वेळी कोणी केले नाही. उजेड चादरीतून आमच्या अंगावर पडत होता. शिपाई चढण चढून आला, दाराशी थांबला. दार उघडले. आक्काचा आवाज कापडापलीकडून आला, पूर्वी समोर बसलेल्यांना येत असे तसा.

या बाजूने पाहिले तर शिपायाला उजवा हात नव्हता.

"दाजी," मी म्हणालो, "तुमचं खरं हाय."

त्यांना ऐकू गेले नाही. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगितले.